कोपऱ्यातला जावई

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने सासूबाईंच्या खोलीतला दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे आधी त्यांच्याकडे नव्हे, तर पलंगाशेजारच्या ऑक्सिजनच्या यंत्राकडे पाहिले. काचेच्या उभ्या नळीतली छोटी गोळी दोनच्या रेघेवर स्थिर होती. यंत्राच्या पाठीमागची जाळी काढून तिने ती नळाखाली धुतली, खिडकीच्या कडेला वाळत टाकली आणि काल धुतलेली कोरडी जाळी तिच्या जागी बसवली. मग कोपऱ्यातल्या राखीव सिलिंडरपाशी वाकून काटा पाहिला. तो हिरव्या पट्ट्यात होता. वीज गेली तर हे सिलिंडर साडेपाच तास पुरे. तो आकडा तिने कागदावर लिहून यंत्राच्या अंगावर चिकटवला होता, घरातल्या इतरांसाठी. इतरांवर तो वाचायची वेळ मात्र तिने कधी येऊ दिली नव्हती.

“गोळी दोनवरच आहे,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “पहाटेपासून मी तिच्याकडेच बघत पडलेय. तिला पळून जायचं असतं तर एव्हाना गेली असती.”

“आई, झोप झाली का?”

“झोपेचं काय घेऊन बसलीस? रेडिओवर ऐकलं. उद्या संध्याकाळपासून तीन दिवस पाऊस आणि ताशी नव्वदचा वारा. आता तू दर दहा मिनिटांनी त्या गोळीला नमस्कार करत फिरणार.”

त्या पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. फुप्फुसे थकली होती, जीभ नव्हती.

स्वयंपाकघरात नवरा उभ्या उभ्याच चहा पीत होता. तो बस डेपोच्या कार्यशाळेत मेकॅनिक होता. बसचे अख्खे इंजिन खाली उतरवणाऱ्या या माणसाला सिलिंडरची पितळी चावी हातात घेतली की घाम फुटे, आणि ती हातातून काढून घ्यायला बायको नेहमी जवळच असे. त्यामुळे गेल्या अडीच वर्षांत ती चावी फिरवायला तो शिकलाच नव्हता.

“वादळात तू घरी असशील ना?” त्याने विचारले.

“असेन,” ती म्हणाली. ते इतके सहज तोंडून निघाले की त्यामागे काय आहे याचा विचारही तिला करावा लागला नाही.

पावणेसातला ती स्कूटरवरून निघाली. वाटेत ओढ्यावरचा बुटका पूल लागे. पुलाशेजारच्या खांबावर कुणीतरी रंगाने पुराच्या रेघा ओढून शेजारी वर्षे लिहिली होती. जुन्या रेघा गुडघ्याच्या उंचीवर होत्या, मधल्या छातीपर्यंत आल्या होत्या, आणि दोन वर्षांपूर्वीची तिच्या डोक्याच्याही वर होती. दररोज तिथून जाताना ती नकळत मान वर करून त्या रेघेकडे पाही.

पुलापासून दोन किलोमीटरवर, शहराच्या सखल भागात, तिचे उपकेंद्र होते. मोठ्या वाहिनीने आलेली वीज इथे दोन ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरे आणि सहा फीडरांनी, म्हणजे सहा वाटांनी, शहरभर जाई. चौथा फीडर रुग्णालयाचा होता. त्याच्यावरच पाणीउपसा केंद्र होते आणि तिचे घरही. ती या उपकेंद्राची प्रमुख होती. पदाचे नाव मोठे होते, पण एका पाळीला माणूस एकच, आणि तिला धरून एकूण चार जण एवढाच तिचा संसार.

पहाटेच्या पाळीवर दादा होते. एकोणतीस वर्षे नोकरी झालेले, चार महिन्यांत निवृत्त होणारे ऑपरेटर. नियंत्रण कक्षात शिरताना त्यांचा आवाज आला, “या, ताई. सगळे फीडर शहाण्यासारखे वागतायत. रुग्णालयाच्या वायरमनचा तेवढा फोन होता. वादळ येतंय म्हणून तळघरातले उपसापंप ते आज साडेअकराला चालवून बघणार आहेत.”

“बरं आहे. आणि आपला जावई?”

“त्याला काय धाड भरलीय? बसलाय तोरा मारत.”

जावई म्हणजे पॅनेलच्या माथ्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेला काळा मोडेम. तीन हिरवे दिवे आणि एक आखूड अँटेना. वर्षभर आयते बसून खातो, स्वतःहून काडी हलवत नाही आणि त्याला बोलायची कुणाची टाप नाही, म्हणून तो आला त्या दिवशीच दादांनी त्याचे हे नाव पाडले होते.

तो तिने आणला होता, स्वतःच्या पैशाने आणि कुणालाही न विचारता. अडीच वर्षांपूर्वी सासूबाई आजारी पडल्या. उपकेंद्रातून वेळीअवेळी बोलावणे येई आणि घरातून पाय निघत नसे. मोडेम पॅनेलला जोडला आणि घरच्या लॅपटॉपवर सहाही फीडर दिसू लागले. नुसते दिसत नव्हते, चालू-बंदही करता येत होते. पासवर्ड दादांच्या लक्षात राहावा म्हणून उपकेंद्राचा जुना दूरध्वनी क्रमांकच ठेवला. तोच क्रमांक फाटकावरच्या पाटीवरही होता, याचे तेव्हा दोघांनाही काही वाटले नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी तो पूर आला. पूल पाण्याखाली गेला. दादा एकतीस तास नियंत्रण कक्षात एकटे अडकले. पाणी कमरेपर्यंत चढले, ते टेबलावर उभे राहिले, आणि पॅनेलच्या भिजलेल्या मुठींना हात लावणे म्हणजे मरण होते. तिने सासूबाईंच्या पायथ्याशी बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, बुडत चाललेल्या वस्त्यांचे तीन फीडर बंद केले आणि रुग्णालयाचा चालू ठेवला. शहरात एकही माणूस विजेमुळे दगावला नाही. मुख्यालयाने दोघांच्या नावाने प्रशस्तिपत्र पाठवले. ‘कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष हाताळणी करून’ असे त्यात लिहिले होते. ते वाक्य त्यांनीच पाठवलेल्या अहवालातून उचललेले होते. दादांनी ते पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले. त्याच भिंतीवर, कमरेच्या उंचीला, पाण्याची तपकिरी रेघ होती. तिच्यावर तीनदा रंग दिला तरी ती पुन्हा उमटे.

जावई राहिला. त्याच पुराच्या जोरावर तिने नियंत्रण कक्ष सहा फूट वर उचलण्याचा, रुग्णालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवण्याचा चाळीस पानी आराखडा केला होता. तो मुख्यालयाला पसंत पडला होता आणि नव्या पूर-नियोजन विभागाच्या प्रमुखपदासाठी तिचे नाव पुढे होते. पुढच्या महिन्यात निर्णय व्हायचा होता.

आठ पन्नासला मुख्यालयाचे पत्र आले. तिने ते छापून घेतले आणि उभ्यानेच वाचले. शेजारच्या विभागातले एक उपकेंद्र परवा बाहेरच्या कुणीतरी दुपारी चाळीस मिनिटे बंद पाडले होते. तो आत शिरला होता कुणीतरी परवानगीशिवाय लावलेल्या मोडेमच्या वाटेने. सोबत एक नमुना होता: ‘माझ्या उपकेंद्रात अशी कोणतीही अनधिकृत जोडणी नाही, असे मी प्रमाणित करते/करतो.’ खाली सही. आज दुपारी बारापर्यंत.

तिने कागद दादांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, ओठ हलवत वाचला आणि परत केला.

“करा सही आणि मोकळ्या व्हा.”

“दादा, तो समोर बसलाय.”

“म्हणून काय झालं? वादळापुरता राहू दे. वादळ ओसरलं की मीच त्याला पोत्यात घालून नदीत सोडतो. आत्ता काढलात तर परवा तुम्ही घरी आणि मी इथे टेबलावर. मला आता टेबलावर चढवतही नाही.”

“आणि खोटं लिहून देऊ?”

“दोन वर्षांपूर्वी दिलंच की,” दादा म्हणाले आणि लगेच ओशाळले. “म्हणजे, आपण दोघांनी दिलं. तुम्ही एकट्यांनी नाही.”

खरे तर दादा बोलत होते ते तिच्याच मनातले होते. मोडेम आहे म्हणून तर सकाळी ती नवऱ्याला बिनदिक्कत ‘असेन’ म्हणाली होती.

तिने सोबत आणलेला लॅपटॉप उघडला. सही करायची की नाही हे ठरण्याआधी तिला एक गोष्ट पाहून घ्यायची होती. मोडेम आपल्याकडे कोण कधी आले याची नोंद ठेवतो, आणि ती यादी तिने बसवल्यापासून एकदाही उघडली नव्हती. यादी लांबलचक होती. सगळ्या वेळा तिच्याच होत्या: घरून, घरून, घरून. मग मागच्या गुरुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एक वेगळाच पत्ता होता. तो आत आला होता आणि एकोणीस मिनिटे थांबला होता.

गुरुवारी तीन वाजता ती रुग्णालयात सासूबाईंच्या तपासणीसाठी रांगेत बसली होती. लॅपटॉप घरी कपाटात होता.

“दादा, गुरुवारी दुपारी इथे काही झालं होतं? काही पडलं, बंद झालं?”

“छे. पान हललं नाही. का?”

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दादांनी बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. मग ते उठले, स्टूल ओढले, आणि चढायला हात पुढे करेपर्यंत ती वर चढलीही होती. तिने अँटेनाची तार उपटून काढली. तीनपैकी एक दिवा विझला. आता त्या डब्यातून बाहेरचे कुणीही आत येऊ शकत नव्हते. तीही नाही.

“कुणी का असेना, नुसता डोकावून गेला असेल,” ती स्वतःचीच समजूत काढत म्हणाली.

“एकोणीस मिनिटं?” दादा म्हणाले. “अहो ताई, इतका वेळ तर आमचे व्याही बसत नाहीत. कार्ड काढा.”

प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड असे. त्या फीडरच्या रिलेला कोणती मर्यादा घालून दिली आहे, ते त्यावर शाईने लिहिलेले असे. रिले म्हणजे पहारेकरी. मर्यादेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह वाहू लागला की तो फीडर तोडतो, आणि तशी सोय चालू ठेवली असेल तर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा जोडतो. जुन्या काळी दर महिन्याला ‘वाचन’ होई. एकाने कार्डावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यंत्रावर बोट ठेवून तिथला आकडा तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा, आणि जुळला तरच दोघांनी सही करायची. नवे रिले आले, सगळे आकडे स्क्रीनवर दिसू लागले आणि एका पाळीला एकच माणूस उरला, तसे वाचन मागे पडले. शेवटच्या सह्यांना चौदा महिने झाले होते.

दादांनी पहिल्या पॅनेलचे दार उघडले.

“फीडर एक. मर्यादा तीनशे.”

“फीडर एक, तीनशे,” तिने रिलेच्या काचेवर बोट ठेवून म्हटले.

“आपोआप पुन्हा जोडणी, चालू.”

“चालू.”

दुसरा जुळला. तिसराही. दादांच्या आवाजाला आता जुना ठेका सापडला होता.

“फीडर चार. मर्यादा चारशे.”

तिचे बोट काचेवरच थांबले.

“ताई, चारशे.”

“एकशे चाळीस,” ती म्हणाली.

“नीट बघा.”

“एक, चार, शून्य. पुन्हा जोडणी, बंद.”

दादा कार्ड हातात धरून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघांनी शेजारच्या काट्याकडे पाहिले. चौथ्या फीडरवर त्या क्षणी एकशे अठरा अँपिअर वाहत होते. म्हणूनच आठवडाभर काही झाले नव्हते. वादळात रुग्णालयाचे आणि पाणीउपसा केंद्राचे पंप एकदम सुरू झाले असते, काटा एकशे चाळीसच्या पुढे गेला असता, आणि पहारेकऱ्याने स्वतःच्याच घराचे दार लावून घेतले असते. ते आपोआप पुन्हा उघडलेही नसते.

“आणि आपण पावसाला शिव्या घालत बसलो असतो,” दादा हळूच म्हणाले.

उरलेले दोन फीडर त्यांनी वाचले. ते जुळले. घड्याळात दहा वीस झाले होते.

दादांनी स्टुलावर बसकण मारली आणि बराच वेळ चष्मा पुसला. “आता मी सांगतो ते ऐका. अँटेना काढलीच आहे. चारचा आकडा पुन्हा चारशे करू. डबा माझ्या पिशवीत जाईल. मग तुमच्या कागदावर जे छापलंय ते खरंच होईल, नाही का? अशी कोणतीही जोडणी नाही. तुम्ही सही करा, तुमचं पद तुम्हाला मिळू दे. तो आराखडा तुमच्याशिवाय कोण उभा करणार आहे? कुणाचं नुकसान नाही.”

ते वाईट बोलत नव्हते. त्यात तिच्याबद्दलची माया होती आणि थोडी स्वतःच्या उरलेल्या चार महिन्यांची काळजीही. तिने खिडकीबाहेर पाहिले. अंगणात ट्रान्सफॉर्मरखालची खडी कोरडी, पांढरी दिसत होती. हा आकडा त्यांना सापडला, कारण त्यांच्याकडे कार्ड होते आणि दादांसारखा वाचणारा माणूस होता. पण आज सकाळी आणखी किती प्रमुख असाच कागद हातात घेऊन उभे असतील? सगळ्यांची घरे पुलापलीकडे होती, सगळ्यांच्या पाळीला एकच माणूस होता. त्यांच्या कोपऱ्यातही कुणीतरी बसलेला असणार. ते निमूट डबा काढतील, सही करतील आणि आतल्या बदललेल्या आकड्यांसकट वादळाला सामोरे जातील.

ती अंगणात गेली आणि घरी फोन लावला.

“काय गं, वीज जाणार आहे का?” सासूबाईंनी विचारले.

“नाही, आई. मी वादळात घरी नसेन. मला इथेच राहावं लागेल. दोन दिवस, कदाचित तीन.”

“आणि तुझा तो जावई?”

“त्याला घरी पाठवतेय.”

पलीकडून यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“तुम्हाला रुग्णालयात ठेवू का?” तिने विचारले. “मी व्यवस्था करते, मी आत्ता बोलते तिथे...”

“मी, मी, मी. माझ्या मुलाला दोन हात आहेत ना? त्याला सिलिंडरची चावी मी शिकवते. पस्तीस वर्षं पोरांना भागाकार शिकवलाय, त्यात याच्याहून मठ्ठ होती. हा निदान घाबरून का होईना, ऐकतो तरी.” त्या दम घ्यायला थांबल्या. “आणि एक सांगते. अडीच वर्षं तो डबा तू माझ्या नावावर ठेवलास. आई आजारी, आईला सोडवत नाही. मला आवडलं, नाही असं नाही. पण आता माझं नाव त्यातून काढ.”

“रागावलात?”

“रागवायला श्वास लागतो. तो मी जपून वापरते. ठेव फोन आणि कामाला लाग.”

मग आत न जाता तिथूनच मुख्य अभियंत्यांना फोन लावला.

“साहेब, माझ्या उपकेंद्रात अनधिकृत मोडेम आहे. मी लावलाय. पुराच्याही आधीपासून.”

“थांबा,” ते म्हणाले. मागे दार लावल्याचा आवाज आला. “तुमचा कागद अजून माझ्याकडे आलेला नाही. बारा वाजायला दीड तास आहे. दीड तासात पुष्कळ काही करता येतं. मी काय म्हणतोय, लक्षात येतंय ना?”

“येतंय, साहेब. पण गुरुवारी कुणीतरी आत येऊन गेलंय. रुग्णालयाच्या फीडरची मर्यादा चारशेवरून एकशे चाळीस केलीय आणि पुन्हा जोडणी बंद.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“कार्ड वाचलं. दोघांनी.”

“हे आणखी कुठे असू शकतं?”

“जिथे जिथे मोडेम आहे तिथे. आणि तो किती ठिकाणी आहे हे त्या सहीच्या कागदावरून तुम्हाला कधीच कळणार नाही. साहेब, एक विनंती आहे. तो नमुना मागे घ्या. ज्याच्याकडे आहे त्याने आज नुसतं कळवावं, बाहेरची तार काढावी, डबा तपासणीसाठी तसाच ठेवावा आणि कार्डाशी आकडे ताडून पाहावेत, एवढंच विचारा. चौकशी वादळानंतर करा. माझ्यापासून करा.”

“त्या पदासाठी तुमचं नाव आहे, ठाऊक आहे ना? मी काही शब्द देऊ शकत नाही.”

“मागत नाही.”

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. मग कामाचा आवाज आला. “लिहून घ्या. फीडर चार, मर्यादा चारशे, पुन्हा जोडणी चालू. माझा आदेश, वेळ दहा पस्तीस. परत म्हणा.”

तिने ते परत म्हटले.

ती आत आली. दादांनी कार्ड वाचले आणि तिने रिलेची बटणे दाबली. चारशे. चालू. दोघांनी मोठ्याने म्हटले आणि कार्डाच्या खालच्या रिकाम्या ओळीवर तारीख घालून सह्या केल्या. चौदा महिन्यांनी.

साडेअकराला रुग्णालयाच्या वायरमनचा फोन आला. “पंप लावतोय हो मॅडम. जरा लक्ष असू द्या.”

दोघे चौथ्या पॅनेलसमोर उभे राहिले. काटा एकशे वीसवर थरथरला आणि चढू लागला. एकशे तीस. एकशे अडतीस. दादांनी नकळत तिच्या कोपराला धरले. एकशे पंचेचाळीस. एकशे सदुसष्ट. तिथे तो थांबला आणि थांबून राहिला. पॅनेलमधून कसलाही आवाज आला नाही.

“सगळं ठीक ना?” फोनवरून वायरमनने विचारले. “इथे दिवा फडफडलासुद्धा नाही.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “चालवा खुशाल.”

लगेच दुसरा फोन वाजला. साहेब होते. “नवा निरोप अकराला गेला. आत्तापर्यंत सात जणांनी कळवलंय. सात! दोघांचे आकडे बदललेले निघाले. एक तर पाणीपुरवठ्याचा.” ते थांबले. “त्यातल्या एकाने त्याच्या डब्याला ‘मामा’ म्हणून हाक मारली, माझ्या तोंडावर. तुमच्याकडेही काही नाव होतं का?”

“जावई, साहेब.”

साहेब हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच हसले असावेत. “आता ऐका. तुमचा आराखडा माझ्यासमोर आहे. कक्ष उचलणार, बॅटऱ्या बसवणार, सगळं आहे. पण हे पाहुणे घरोघरी का आले, ते त्यात कुठेच नाही. ते पान कोण लिहिणार?”

“लिहिते,” ती म्हणाली. “एका पाळीला दोन माणसं आणि पुराच्या दिवसांत त्यांच्यासाठी वर एक खोली. बाकी फार काही लिहायला लागणार नाही.”

“लिहा. पद कुणालाही मिळो, पान लागेलच. आणि परवासाठी दुसरा माणूस मी आजच पाठवतोय.”

बाराला पंचवीस मिनिटे होती. नमुना मागे घेतला गेला होता, आता त्यावर सही करायची गरज उरली नव्हती. तरी तिने लॉगबुक पुढे ओढले. आजच्या तारखेखाली तिने सावकाश, खाडाखोड न करता लिहिले: मोडेम कधी लावला, कुणी लावला, पुराच्या दिवसांत फीडर कुठून चालवले गेले, अहवालात काय खोटे लिहिले, गुरुवारी काय झाले. शेवटी स्वतःची सही केली.

“दाखवा,” दादा म्हणाले.

“तुमचं नाव त्यात नाही, दादा. मुद्दाम घातलेलं नाही. चार महिने राहिलेत.”

“दाखवा म्हणतोय ना.” त्यांनी लॉगबुक स्वतःकडे वळवले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. “नोंदीला दोन सह्या लागतात. वाचा. मोठ्यानं.”

तिने त्यांच्याकडे पाहिले. भिंतीवरच्या चौकटीतले पत्र त्यांच्या डोक्यामागे होते. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

ती वाचू लागली. प्रत्येक वाक्यानंतर दादा ते वाक्य, बोट पुढे सरकवत, तितक्याच मोठ्याने परत म्हणत होते. जिथे ‘मी’ होते तिथे ते दोनदा थांबले, तिच्या हातातले पेन घेतले आणि वर छोट्या अक्षरांत ‘आम्ही दोघांनी’ असे लिहिले. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी तिच्या सहीखाली आपली सही केली, वेळ घातली, अकरा बावन्न, आणि पेन परत दिले.

तिने त्या पानाचा फोटो काढला आणि मुख्यालयाला पाठवून दिला.